थोडं, पुरेल, उरेल

थोरलीची नोकरी गेली आणि तिने पहिलं काम केलं ते फ्रिज रिकामा करण्याचं. मालवाहतुकीच्या कंपनीत ती ट्रकांचे मार्ग आखणारं सॉफ्टवेअर लिहायची. कुठला माल कुठून कधी हलवायचा, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. घरच्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात मात्र एक डबा निघाला, आणि आतला ऐवज मुळात भाजी होता की रस्सा यावर घरात एकमत होईना. नवऱ्याने झाकण उघडलं, परत लावलं आणि खिडकी उघडली.

"एवढ्या ट्रकांचा मेळ बसवलास," तो म्हणाला, "एका कोबीचा बसत नाही?"

तो थट्टेने बोलला होता. पण थोरलीला त्या आठवड्यात दुसरं कामच नव्हतं.

अशी अॅपची सुरुवात झाली. घरात काय शिल्लक आहे ते भरायचं, मग अॅप आठवड्याचा स्वयंपाक आखून देणार. जे आधी खराब होईल ते आधी संपवणार. आणि किती अन्न टाकलं याचा आलेख दाखवणार. जोडीला तिच्याबरोबरच नोकरी गेलेला एक जुना सहकारी आला. त्याचा प्रत्येक निरोप 'घाई आहे' असा सुरू व्हायचा, म्हणून सगळे त्याला घाईच म्हणत.

पहिली चाचणी थोरलीच्याच घरी झाली, म्हणजे बाबांवर. बाबा शिंपी. दुकान बंद झाल्यावर ते थोरलीकडे राहायला आले, स्वयंपाकघरात शिरले आणि बाहेर आलेच नाहीत. कापडाची चिंधीसुद्धा वाया न घालवणारा हा माणूस पातेल्यापुढे मात्र फारच उदार व्हायचा.

"बाबा, आपण तिघं. एवढा भात कशाला?"

"कोणी आलं तर?"

"शेवटचं कोण आलं होतं?"

"बरेच दिवस कोणी आलं नाही. म्हणजे आता येईलच."

खरं तर येणारं माणूस एकच होतं आणि ते समोरच्या इमारतीत राहत होतं. धाकटी. तिने एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोर सांगितलं होतं, की बाबांना आता बारीक टाका दिसत नाही, कॉलर दुसरीकडून शिवून घ्या. गिऱ्हाईक गेलं, पाठोपाठ आणखी काही गेली, आणि दुकान बंद झालं. धाकटी बोलली ते खरंच होतं, त्यामुळे बाबांना तिला माफ करणं जड गेलं. ते तिच्याशी बोलत नव्हते. ती दिसली की पडदा सारखा करायचे.

बाबा अॅपमध्ये एका बोटाने माहिती भरत. कोबी किती, या प्रश्नावर त्यांनी लिहिलं, 'थोडा'. तांदूळ, 'थोडा'. तेल, 'आहे'. अॅप बंद पडलं.

"थोडं म्हणजे किती, बाबा?"

"पुरेल इतकं."

"मग पुरेल लिहा ना."

"पुरेल म्हटलं की उरतंच."

थोरली यावर दोन दिवस चिडली आणि मग तिने आकडे काढून तिथे तीन बटणं ठेवली: थोडं, पुरेल, उरेल. घाई म्हणाला, हे शास्त्रीय नाही. पण ज्यांना ज्यांना अॅप वापरायला दिलं होतं, त्यांनी पहिल्यांदाच ते रोज उघडलं.

त्यानंतर थोरलीच्या घरचा आलेख उतरायला लागला. महिनाभरात तो तळाला टेकला. कचऱ्याच्या डब्यात साली-देठांशिवाय काही नाही. घाईने त्या आलेखाची मोठी प्रत काढली आणि किराणा दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी-प्रमुख बाईंची वेळ मिळवली.

भेटीच्या आदल्या दिवशी थोरली धाकटीकडे शिडी मागायला गेली. धाकटीने फ्रिज उघडला पाण्यासाठी, आणि थोरलीला आत आपले डबे दिसले. तिच्या स्वयंपाकघरातून गायब झालेले सगळे डबे, एकावर एक.

"बाबा आणून देतात," धाकटी म्हणाली. "तुझ्या आलेखाला धक्का लागू नये म्हणून, एवढंच बोलतात."

"आणि तू खातेस?"

"एवढं कोण खाणार? टाकते."

"मग मला सांगायचं नाही?"

धाकटीने पेला तिच्या हातात दिला. "सांगितलं असतं तर ते यायचे बंद झाले असते."

थोरली शिडी न घेताच परत आली.

दुसऱ्या दिवशी घाईने आलेख टेबलावर पसरला. बाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि त्यांना तो आवडला. तेव्हा थोरली म्हणाली, "हा खोटा आहे."

घाईने स्वतःपुढचं पाणी प्यायलं, मग थोरलीपुढचंही प्यायलं.

"खोटा म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"अन्न वाचलं नाही. त्याचा पत्ता बदलला. माझे वडील ते बहिणीकडे नेतात आणि ती टाकते."

"माझ्या सासूबाई शेजारच्या कुत्र्याला घालतात," बाई म्हणाल्या. "त्याला आता जिना चढवत नाही." चष्मा काढून त्यांनी पुढे विचारलं, की ही पळवाट बुजवता येईल का. येत असेल तर एका दुकानात करून बघू. घाई जिना सावकाश, एकेक पायरी उतरला. तो घाईत नव्हता, हे थोरलीने पहिल्यांदाच पाहिलं.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं.

"मी टाकलं नाही," बाबा म्हणाले. "मी दिलं."

"ती टाकते, बाबा."

बाबांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाले, "चल."

दोघं समोर गेली. धाकटीने दार उघडलं, आधी बाबांचे रिकामे हात पाहिले, मग थोरलीकडे पाहिलं.

"तू टाकतेस म्हणे," बाबा म्हणाले.

"हो. कोबी मला आवडत नाही. लहानपणापासून."

"मग घेत का होतीस?"

"तुम्ही दार वाजवत होतात."

बाबांनी खिशातून फोन काढला, लांब धरला, जवळ धरला आणि शेवटी धाकटीच्या हातात दिला. "तुला काय आवडतं ते यात भर. अक्षरं बारीक आहेत. मला दिसत नाहीत."

धाकटी चौकटीला टेकून भरायला लागली. तिला बराच वेळ लागला; तेवढ्यात तिने दोनदा नाक पुसलं आणि सर्दी आहे म्हणाली.

अॅपमध्ये आता खाल्लं आणि टाकलं यांच्यामध्ये 'दिलं' असं एक बटण आहे, आणि ते दाबलं की घेणाऱ्यालाही प्रश्न जातो: खाल्लं का? एका दुकानात ते चालू झालं आहे. पुढे काय होईल ते बाई कळवणार आहेत. थोरलीच्या घरचा आलेख आधी एकदम चढला, मग हळूहळू उतरला, पण तळाला काही टेकत नाही. धाकटी आठवड्यातून काही वेळा जेवायला येते आणि त्या दिवशी कोबी नसतो. भात बेताने शिजतो. नवऱ्याला जास्त हवा असेल तर दुपारीच कळवावं लागतं. तो कळवतो.