ज्या घरात कानबाई बसली नाही

टीव्हीवर आफ्रिकेतलं तळं दिसलं की नातवंडं मला हाका मारतात. मी स्वयंपाकघरातूनच म्हणते, “तुम्हीच बघा.” त्या तळ्याचं एक प्रकरण माझ्या नोकरीत येऊन गेलंय.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. फैजपूरच्या बाजूला मी नवी फौजदार. टोपी डोक्यापेक्षा मोठी आणि अक्कल टोपीपेक्षा लहान.

श्रावणात एक केळीवाले नाना ठाण्यात आले. त्यांचा जावई आफ्रिकेत, तळ्याकाठच्या सफारी लॉजवर व्यवस्थापक होता. उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन गेला, असं सासरचे सांगत. आता तो एकटाच रजेवर आला होता. नानांनी त्याने पाठवलेले फोटो टेबलावर मांडले. गुलाबी पक्षी, तंबू, जिराफ.

“बाई, जनावरं सगळी हायेत. माही पोरगी कुठी हाये?”

बेपत्ताची नोंद घेऊन जावयाला बोलावलं. मुलीच्या पासपोर्टची चौकशी आमच्याच ठाण्याने केली होती, तेव्हा पासपोर्ट खरा. ती विमानात बसली का, याचं उत्तर मुंबईहून येत नव्हतं.

जावई कडक इस्त्रीच्या सफारी सुटात आला. रात्री पाणघोडे तळ्यातून निघून लॉजच्या हिरवळीवर चरतात, पाहुण्यांना कंदील घेऊन तंबूपर्यंत पोचवावं लागतं, असं रंगवून सांगू लागला. बायको तिथल्या स्वयंपाकघरात रमली, म्हणे. तिला रजा नाही मिळाली. आणि मी शहाणीने काय विचारावं?

“जिराफ पाणी पिताना पाय फाकवतो, ते खरं का हो?”

आमचे हवालदार खाकरले. “मॅडम, जबाब घ्यायचा की तिकीट काढायचं?”

जावई हसत घरी गेला.

नागपंचमीनंतरच्या रविवारी मी त्याच्या गावी गेले. खानदेशात तेव्हा घरोघर कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याला जाड रोट होतात. गल्लीभर गाणी चालली होती. भाऊबंदांच्या साऱ्या घरी देवी होती, फक्त जावयाच्या घरी चूल थंड. घरात कोणी वारलं तरच त्या वर्षी कानबाई बसवत नाहीत.

शेजारीण म्हणाली, “भाऊबंदात कोनी मेलं नाही. तरी म्हातारी म्हने, यंदा नको.”

मी जावयाच्या आईसमोर जाऊन बसले.

“अक्का, सून सुखरूप आहे ना?”

“हाये ना. आफ्रिकेत.”

“मग सुतक कोणाचं पाळताय?”

म्हातारीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तो काढून म्हणाली, “तुमाले सांगितलं, व्याह्याले सांगितलं. देवीले खोटं कसं सांगू?”

त्यानंतर चौकशीत जावई फार टिकला नाही. तळ्याकाठी त्याचा दुसरा संसार होता. पासपोर्ट हाती आल्यावर बायको सोबत येण्यावर अडून बसली. त्याने तिचा गळा दाबला, मळ्यातल्या पडक्या विहिरीत टाकलं आणि वर केळीचे खांब लोटले. आईने पाहिलं आणि मुलापायी गप्प राहिली.

पुढे नोकरीभर संशयितासमोर बसले की मी आधी एकच गोष्ट शोधत असे: हा घाबरतो कोणाला? माणूस तिथेच खरं बोलतो. त्या घरात आमच्या खाकीला कोणी घाबरत नव्हतं.

विहिरीवर पंचनामा चालू असताना नाना बांधावर बसून होते. मुलीच्या पाटल्या त्यांनी ओळखल्या. मग खिशातला फोटो काढून मला दाखवला.

“बाई, हे तळं तरी खरं हाये ना? निघायच्या आधी पोरगी सगळ्या गल्लीले सांगून आली होती, तळं पाहाले चालली म्हनून.”