पेटी नेणाऱ्याचं मत

माझा धाकटा भाऊ किलाफ्वा तीस वर्षं वालुंगची मतपेटी वाहत होता. आमचं वालुंग म्हणजे बेटाच्या एका कडेचं गाव, तेव्हा तिथे रस्ता नव्हता. भरती आली की कांदळवनातल्या खाडीतून होडी काढायची आणि ओहोटीच्या आत परतायचं, नाहीतर चिखलात रुतून डास मारत बसायचं. सकाळी रिकामी पेटी तोफोलहून, राज्याच्या कचेरीतून आणायची, संध्याकाळी भरलेली पोचवायची. पाऊस आला तर आपला रेनकोट तो पेटीवर घालायचा आणि स्वतः भिजायचा. त्याची बायको म्हणायची, "माझ्यावर कधी घातला नाही तो."

त्याला एकच लेक, तुल्पे. इथली निम्मी पोरं जातात तशी ती अमेरिकेला गेली, तिथल्या सैन्यात आमच्या बेटांवरच्यांना घेतात, त्यात भरती झाली आणि पुढे तिथलं नागरिकत्व घेतलं. आमची राज्यघटना म्हणायची, दुसऱ्या देशाचा झाला तो आपला राहिला नाही, आणि आपला नाही त्याच्या नावावर जमीन होत नाही. किलाफ्वाकडे होती अळूची चार खाचरं आणि सात नीरफणस. ती तुल्पेलाच द्यायची एवढं त्याच्या मनात होतं. खोकला वाढला होता. फार दिवस नाहीत, हे डॉक्टरने न सांगताच त्याला कळलं होतं.

तेवढ्यात मतदान लागलं. माणसाला दोन्ही देशांचं राहता यावं, असा बदल घटनेत करायचा का, हो की नाही. किलाफ्वा माझ्या चुलीपाशी येऊन बसला. मी कंद कुटत होते.

"अक्का, मंगळवारी मत आहे."

"मग दे."

"मी कसा देणार? पेटी मी नेतो."

"म्हणून?"

"जेवणावळीत डुक्कर कापून वाटे घालणारा आपला वाटा आधी उचलतो का?"

"सगळ्यांचं झालं की उचलतो."

"सगळ्यांचं होतं तेव्हा पेटीला सील लागलेलं असतं."

माझा हात थांबला. "म्हणजे तीस वर्षं तू मतच दिलं नाहीस?"

"नाही."

मला हसू फुटलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि गिळलं.

मी त्याला तसाच उठवून स्रुएकडे नेलं. ती शाळेत शिकवायची आणि मतदानाला टेबलाशी बसायची.

"काका, असं कुठे लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "सील लावायच्या आधी शेवटचे तुम्ही या. मी थांबते."

"माझ्या एकट्याने काय होणार, बाई?"

"आपल्या देशातल्या चार बेट-राज्यांपैकी तीन राज्यांनी हो म्हटलं तरच घटना बदलते. आणि राज्याने हो म्हणायचं तर तिथल्या दर चार मतांतली तीन हवीत. चुऊकमध्ये माणसं कितीतरी जास्त, पण मोजताना ते एकच राज्य. आपलं एवढंसं कोसराए, तेही एकच."

"म्हणजे आपण चुऊकएवढे?" मी विचारलं.

"यात तरी हो, मावशी."

"मग त्यांना म्हणावं, जरा सरकून बसा."

मंगळवारी किलाफ्वा हात धुऊन रांगेत शेवटी उभा राहिला. कागद घेऊन पडद्यामागे इतका वेळ होता की स्रुएने दोनदा खाकरून बघितलं. ओहोटी लागायला आली होती. मग पेटीला सील लागलं, त्याने रेनकोट घातला तिच्यावर आणि होडी सोडली.

निकाल रेडिओवर आला. देशभर मिळून हो म्हणणारेच जास्त होते. आमच्या राज्याचंही हो झालं. पण राज्यं दोनच आली. बदल फेटाळला गेला.

मी रेडिओवरच भडकले. "जास्त माणसं हो म्हणाली ना? मग हे कसलं नाही?"

"चार होड्या एकमेकींना बांधून निघाल्यात, अक्का," किलाफ्वा म्हणाला. "मोठीने मनात आलं तसं वळायचं म्हटलं तर धाकटी खडकावर आपटते. म्हणून ही अट. घटना लिहिली तेव्हा आपलेच म्हातारे या अटीसाठी भांडले होते. आज माझ्या आड आली म्हणून ती वाईट ठरत नाही." बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "मला मात्र वाईट वाटतंय."

पुढच्या आठवड्यात त्याने जमीन माझ्या नावावर केली. "घटना बदलेपर्यंत सांभाळ."

"अरे, मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे."

"मग मरायची घाई करू नकोस."

तो वर्षभरात गेला. मला मात्र कामाला लावून गेला. दात गेले, गुडघे गेले, तण काही जाईना. दर पावसात वाटायचं, आता पुरे. पण कागदावरचं माझं नावच त्या खाचरांना टेकू झालेलं. मी गेले असते तर वाटेकरी सतरा निघाले असते.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा तेच मतदान आलं. आता रस्ता झाला होता, पेटी पिकअपमधून आली. एक पोरगी मला रांगेत पुढे घालायला लागली. मी म्हटलं, राहू दे, मी शेवटी देईन. या वेळी तीन राज्यं आली.

तुल्पे आपलं नागरिकत्व परत मिळवून आली. केस पिकलेले, पाठ सैन्यातली, ताठ. तोफोलला जमिनीचे कागद केले आणि तशीच खाचराशी येऊन बांधावर उभी राहिली.

"आत्या, तेव्हा बाबांनी मत दिलं होतं ना?"

"दिलं. जन्मात एकदाच."

ती बुटांसकट चिखलात पाय टाकायला निघाली.

"ते बूट काढ आधी," मी म्हटलं. "आणि त्या पलीकडच्या कोपऱ्यातलं तण बघ. माझा हात पोचत नाही तिथे."

तिने बूट काढून बांधावर ठेवले आणि चिखलात उतरली.