ती परवानगी मीच दिली होती

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निरोप समारंभात टाळलं. घरी बायकोलाही अर्धीच सांगितली होती. आता जे झालं तसं लिहितो.

तपासणीला आलेले साहेब पुस्तकांच्या कपाटासमोर उभे होते. मधला खण रिकामा होता.

"हेडमास्टर साहब, किताबें कहाँ हैं?"

झाशीहून मऊरानीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी मुख्याध्यापक होतो. आमचं घराणं झाशीतलं जुनं मराठी. घरात मराठी, बाहेर हिंदी. शाळेतली मुलं बुंदेली बोलायची. माझ्या हाताखाली सुषमाजी शिक्षामित्र होत्या. शिक्षामित्र म्हणजे मानधनावर नेमलेली शिक्षिका. वर्ग तोच, मुलं तीच, फक्त नोकरी पक्की नाही.

सुषमाजी गोष्ट वाचून दाखवायच्या आणि ऐन रंगात थांबायच्या. पुस्तक एखाद्या मुलाच्या हातात द्यायच्या. "आगे घर पर पढ़ो. मताई को सुनाओ. वो क्या बोली, कल बताना." मताई म्हणजे आई. बहुतेक आयांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे गोष्टीचा शेवट ऐकायचा तर मुलानंच वाचायला हवं.

पुस्तकं घरी द्यायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "ले जाने दीजिए." तोंडी. कागदावर काही नाही.

तिसरीतली रज्जो अक्षरं जुळवताना रडायची. एका सकाळी प्रार्थनेआधीच ती धावत आली. "मास्साब! मताई कै रई, शेर झूठो है!" सिंहानं कोल्ह्याला दिलेलं वचन तिच्या आईला पटलं नव्हतं. आईला दुसरी गोष्ट हवी होती. त्यानंतर रज्जो रडली नाही.

आता माझं सांगतो. शाळेतली प्रत्येक वस्तू मुख्याध्यापकाच्या नावावर असते. त्याला चार्ज म्हणतात. रिटायर होताना चार्ज देताना एखादी वस्तू कमी भरली, तर पेन्शनचे कागद अडतात. माझी दोन वर्षं उरली होती. साहेबांचा प्रश्न ऐकला आणि मला फक्त ते कागद दिसले.

उत्तर सुषमाजींनी दिलं. "बच्चों के घर हैं, साहब. कल तक सब आ जाएँगी."

"किसके आदेश से?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, नुसतं पाहिलं. मी हातातलं रजिस्टर चाळत राहिलो.

"हेडमास्टर साहब, आपसे पूछा था इन्होंने?"

"मेरी जानकारी में नहीं था, साहब."

"लिखकर दीजिए."

मी लिहून दिलं. अक्षर माझं नेहमीच चांगलं.

सुषमाजींना लेखी ताकीद मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या शाळेत आल्याच नाहीत.

पुस्तकं मात्र दुसऱ्याच दिवशी परत आली होती, सगळी. रज्जोच्या पुस्तकाला पीठ लागलं होतं. बकरीनं खाऊ नये म्हणून तिच्या आईनं ते पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. मी ते झटकलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

"मास्साब, अब घर खों नईं मिलहै?" आता घरी न्यायला मिळणार नाही का, असं रज्जो विचारत होती.

"यहीं बैठकर पढ़ो."

ती बसली नाही. इथे ऐकायला मताई कुठे होती?

पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले. कपाट उघडून खूश झाले. "वाह! किताबें तो बिलकुल नई रखी हैं!" रिटायर होताना माझा चार्ज पूर्ण भरला. एकही पुस्तक कमी नव्हतं. शाळेतली पुस्तकं नवीकोरी दिसली की समजावं, तिथे कुणी वाचत नाही. हे मी नोकरी संपल्यावर शिकलो.

गेल्या हिवाळ्यात मऊरानीपूरला सुषमाजींच्या घरी गेलो. ओसरीवर दहाबारा मुलं होती, मधोमध पुस्तकांची पेटी. पेटीला कुलूप नव्हतं. माफीचं वाक्य मी बसमध्येच जुळवून ठेवलं होतं.

"अरे सर! आप? बैठिए, बैठिए. चाय पीकर ही जाइएगा."

चहा आला. मागोमाग मठरी आली. माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. निघताना त्यांनी माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. "भाभीजी को पढ़कर सुनाइए. क्या बोलीं, आकर बताइएगा. यहाँ सबके लिए यही नियम है."

घरी बायकोला पुस्तक वाचून दाखवलं. मग उरलेली अर्धी गोष्टही सांगितली.

"अहो, मग माफी मागितलीत का त्यांची?"

"नाही."

"पुस्तक परत द्यायला जाल ना, तेव्हा आधी माफी मागा. मगच चहा घ्या."

आजवर तीन पुस्तकं परत करून झाली. चौथं टेबलावर आहे. दर वेळी बायको तेच सांगते. दर वेळी सुषमाजी हसून विचारतात, "हाँ सर, भाभीजी क्या बोलीं?"

आणि दर वेळी मी म्हणतो, "कहानी अच्छी लगी उन्हें."