पट्ट्याला लावलेलं कुलूप

चाळिशी उलटल्यावर तिने कारखान्यातल्या यंत्रदुरुस्तीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आता या वयात नटबोल्टांवर पाने फिरवणार?" तिने ते हसण्यावारी नेलं.

मास्तर एका बाबतीत फार कडक होते. यंत्रात हात घालण्याआधी मुख्य बटण बंद करायचं, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची.

आज सकाळी डबा भरताना तिला पर्समध्ये ती किल्ली दिसली. काल वर्ग सुटताना माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या बटणाचं कुलूप काढायचं राहूनच गेलं होतं. आता वर्गातून आपलं नाव कटणार, या भीतीने ती धावतच सुटली.

कारखान्यात फोरमन कुलूप तोडायला कटर घेऊन उभा होता आणि मास्तर बटणासमोर.

"बाजूला व्हा मास्तर, सगळं काम खोळंबलंय."

"कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे, असंच धरायचं."

"अहो, ती बाई घरी लोळत असेल!"

"मग उठून येईल."

तिने पुढे होऊन कुलूप काढलं. पट्टा सुरू झाला.

"मास्तर, माझं नाव..."

"कुलूप लावायला विसरतात त्यांना मी काढतो, ताई. तुम्ही काढायला विसरलात. त्यासाठी फोरमनच्या शिव्या मी खाल्ल्यात, तेवढं पुरे. संध्याकाळी मोटर उघडायचीय, वेळेवर या."

फाटकाबाहेर येऊन तिने छातीभर श्वास घेतला. मग खाली पाहिलं, तर एका पायात नवऱ्याची चप्पल! ती एकटीच खुदकन हसली.