निळ्या कडेच्या चिठ्ठ्या

मावशीला ग्रीक येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक उगीच तिला विदुषी ठरवतात. छत्तीस वर्षं ती प्राचीन ग्रीक क्रियापदांच्या कोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या रंगवायची. पंडित मंडळी जुन्या ग्रंथांतलं एकेक क्रियापद वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवत आणि कोपऱ्यात पेन्सिलीने एक, दोन किंवा तीन असा आकडा घालत. मावशी आकडा बघून चिठ्ठीची कड रंगवायची, तारखेचा शिक्का मारायची आणि चिठ्ठी कप्प्यात लावायची. छापखाना पुढे फक्त रंग बघायचा.

आकडे म्हणजे तीन भूतकाळ. मला ते तिने स्वयंपाकघरात शिकवले. ‘दूध उतू जात होतं’ हा एक, निळा: चालू होतं, संपलं की नाही ते विचारू नकोस. ‘दूध उतू गेलं’ हा दोन, हिरवा: झालं, विषय मिटला. ‘दूध उतू गेलंय आणि ओटा अजून चिकट आहे’ हा तीन, लाल, आणि हा अर्धा आजचाच. संस्कृत ही ग्रीकची बहीण, एकीने भूतकाळासाठी धातूपुढे ‘अ’ लावला, दुसरीने ‘ए’, हे तर ती पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवायची की काका, म्हणजे तिचा नवरा, चहाचा कप घेऊन आत पळायचे.

काका जाऊन नऊ वर्षं झाल्यावरची गोष्ट. एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला. कचेरीत ये, कुणाला बोलू नकोस. मी गेले तर ती कप्प्यांसमोर बसलेली. दीड वर्ष डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि निळा-हिरवा तिला एकच दिसत होता. तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. निळ्या दौतीच्या मानेला दोरा बांधून काम रेटत होती. पण मध्ये एकदा दौती धुतल्या, दोरा सोडून परत बांधला, आणि तेव्हापासून तो भलत्याच दौतीला बांधला की काय, ही शंका तिला खात होती. सोमवारी कप्पे छापखान्यात जाणार होते.

मी दौत पाहिली. दोरा निळ्या दौतीलाच होता. तसं सांगून मी पर्स उचलली.

“हे आजचं झालं गं,” ती म्हणाली. “त्यानंतर शंका आली की मी तो सोडून बांधलाय, चारदा तरी.”

मी चिडले. संपादकांना का नाही सांगितलंस, म्हटलं. ती म्हणाली, डोळे गेलेल्या बाईचं मग छत्तीस वर्षांचं काम लोक शंकेने बघतील. मी खुर्ची ओढली.

ती भिंगातून आकडा वाचायची, मी रंग सांगायचे. एक, निळा. दोन, हिरवा. तीन, लाल. मी जरा थांबले की ती भिंग खाली ठेवायची. साधी शिंक आली तरी ती विचारायची, काय झालं? शनिवार गेला. रविवारी दुपारी दीड वर्षाच्या चिठ्ठ्या संपल्या. एकही चूक नव्हती. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण तिची भीती काही जाईना. कप्प्यातल्या मागच्या जुन्याही बघू, म्हणाली.

“दोन,” ती म्हणाली.

“निळा.”

तिने पुढची काढली. दोन, निळा. तीन, निळा. पुन्हा दोन, पुन्हा निळा. अशा तेवीस निघाल्या, सगळ्या निळ्या, सगळ्यांवर एकाच दिवसाचा शिक्का. मी तारीख मोठ्याने वाचली. नऊ वर्षांपूर्वीचा गुरुवार. त्याच आठवड्यात सोमवारी काका गेले होते. ती गुरुवारी कामावर हजर झाली तेव्हा किती खंबीर आहे म्हणून आम्ही सगळ्यांनी तिची तारीफ केली होती. आज मला त्या तारिफेची लाज वाटली.

“तेव्हा डोळे चांगले होते माझे,” ती म्हणाली. “दिवसभर काम केलं. घरी जाऊन दोन कप चहा केला.”

मग ती रडली, नऊ वर्षांत मी पाहिलं नव्हतं तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

थोड्या वेळाने तिने कात्री काढली. चुकलेली कड कातरून आतल्या कोऱ्या कागदाला नवा रंग द्यायचा, ही कचेरीची रीत. संपादकांचं काय, मी विचारलं. उद्या आपणच सांगू म्हणाली, डोळ्यांचंही आणि या गुरुवारचंही.

“हिरवी दौत घे,” ती म्हणाली. “मी आकडे सांगते.”

तिने बोटांनी चाचपून पहिली कड कातरली. निळी पट्टी तिच्या मांडीवर पडली. भिंग डोळ्याला लावून ती त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी कुंचला बुडवून थांबले होते.

“दोन,” ती म्हणाली.