डोळे मिटून ऐकायचं गाणं

"डोळे मीट, मंग ऐक." गाणं सुरू करण्याआधी मावशी समोरच्याला हेच सांगायची. स्वतः मात्र डोळे उघडे ठेवायची, कारण हातात कात्री असायची.

विंचूरच्या अलीकडे द्राक्षांच्या एका पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. मावशी, म्हणजे तिथल्या सगळ्यांचीच मावशी, घड साफ करायच्या टेबलावर असायची. मला हाक मारायची, "ओ बीकॉम, पंखा लावा जरा."

आसपास कुठंही हळद असली की गायला तिला बोलावणं यायचं. गाणं एकच, पण प्रत्येक घरी वेगळं. नवरीच्या मामाचं नाव, आजोळचं गाव, दारातली गाय, सगळं ती सकाळीच जाऊन विचारून यायची आणि ओळीत बसवायची. ज्या बाईचं माहेर उरलं नाही, तिचं नाव शेवटच्या कडव्यात. माझ्या बहिणीच्या हळदीत तिथं माझ्या आईचं नाव आलं. रेशनकार्डाबाहेर ते नाव पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं घेतलं होतं.

त्या गाण्याचा व्हिडिओ करायची कल्पना माझीच. तुम्ही म्हणाल, चांगलंच केलं. मलाही तसंच वाटलं. नाशिकमध्ये ओळखीच्या एकाचा स्टुडिओ होता. तो म्हणाला, "आवाज मावशींचा ठेवू, चेहरा नको. आणि ती नावं काढा. कुणालाही चाललं पाहिजे." मी मान हलवली. मावशीला समजावलंही मीच.

"मंग मी कुठं दिसन?"

"आवाजात, मावशी."

"लय शिकले तुम्ही, बीकॉम," ती हसून म्हणाली. आणि गायली.

द्राक्षबागेत पिवळ्या साडीतली एक पोरगी ओठ हलवत फिरली. व्हिडिओ गावोगाव गेला. दुपारी डबे उघडले की बायका मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून तो बघायच्या. मावशीही बघायची. "गुणाची दिसती पोर," म्हणायची.

मग पुढच्या एका हळदीत मावशी गायला उभी राहिली. मामाच्या नावापाशी आली, तशा पोरी हसल्या. "मावशी, चुकलं. व्हिडिओत असं नाय." तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडखळली. तेवढ्यात कुणीतरी मोबाईल स्पीकरला जोडला. पोरी पिवळ्या साडीवालीसारखे हात करून नाचू लागल्या. मांडवभर मावशीचा आवाज, आणि मावशी हळदीची वाटी धरून गप्प.

नंतर बोलावणी आली नाहीत. टेबलावरही ती गाईनाशी झाली. एकदा मी म्हटलं, "आईचं नाव घालून म्हणा ना." कात्री न थांबवता ती म्हणाली, "व्हिडिओत नाय ते. चुकंल."

गेल्या हंगामात मावशी वारली. तिच्या लेकीनं मला विचारलं, आईचा गातानाचा फोटो आहे का? नव्हता. स्टुडिओतही आम्ही कॅमेरा तिच्याकडे वळवला नव्हता.

परवा घरी ते गाणं लावलं. मोबाईल पालथा ठेवला, डोळे मिटले. पहिल्या ओळीलाच पिवळी साडी आली. आईला विचारलं, "तुला कोण दिसतं गं?"

"ती पोरगीच की." आईनं गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ह्यात माझं नाव कुठं येत व्हतं रे?"

शेवटच्या कडव्यात, एवढंच मला सांगता आलं. ती ओळ मला आठवली नाही.