साधं कार्ड

शेअर बाजारात रोजची खरेदी-विक्री करायची, म्हणून चार मॉनिटर जोडता येतील असा कॉम्प्युटर बनवून घ्यायला मी जळगावच्या एका दुकानात गेलो होतो. मालकाने सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड काउंटरवर ठेवलं. "ट्रेडिंगला हेच लागतं, भाऊ."

मागे पन्नाशीच्या एक बाई मशीन जोडत बसल्या होत्या. कुठलाही भाग उचलण्याआधी त्या कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावायच्या, अंगातली वीज उतरावी म्हणून. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "भाऊ, हाई कार्ड गेम खेळनारासनं शे. तुमले चार्टच देखाना शेतस ना? चार मॉनिटरले साधं कार्ड बी चालस."

"तुला कोणी विचारलं?" मालक खेकसला.

"मशीन मी जोडस. उद्या शिव्या बी मालेच पडतीस," त्या तितक्याच रागाने म्हणाल्या आणि पुन्हा स्क्रू आवळू लागल्या.

मालक त्यांना वाटेल ते बोलला. मी मात्र गुपचूप साधं कार्ड घेऊन माझा फायदा करून घेतला.

पंधरा दिवसांनी केबल घ्यायला गेलो, तर त्यांची खुर्ची रिकामी होती.

"काढलं तिला. गिऱ्हाईक बिघडवत होती," मालक हसत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "खोटं तुम्ही बोललात आणि नोकरी त्यांची गेली?" मी भर दुकानात ओरडलो.

"एवढा पुळका आलाय," तो म्हणाला, "बाईचं नाव तरी माहीत आहे का?"

मला ते माहीत नव्हतं.